सोमवारच्या खुणा

मंगल, तुझा मनगटाचा पट्टा माझ्याकडे आहे. पोलिसांनी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिला. बकल वाकलंय, चामड्यावर टायरची नक्षी उमटलीय, आणि त्यात बसवलेली रबरी टोकाची सळई काही सापडली नाही. चाकणच्या त्या चौकात डांबरात रुतून बसली असेल. हवालदार म्हणाले, "बाई, तोंड बघू नका, बघण्यासारखं राहिलं नाही." मी बघितलं नाही. पट्टा बघितला, उजव्या मनगटाचा जुना थोटा बघितला, आणि कागदावर सही केली की होय, ही मंगलच. तुझ्या नवऱ्याला, दत्ताभाऊंना, आत जाऊ दिलं नाही. तुझ्या लेकीला, पल्लवीला, तर शवागाराच्या गेटच्या आतही येऊ दिलं नाही.

सही करायला मी कधी मागे राहत नाही, हे तुला माहीत होतं. किती माहीत होतं, ते मला या सोमवारी कळलं. म्हणून हे लिहायला बसले. नाहीतर मी लिहिणाऱ्यातली नाही.

तुझ्या तेराव्याला माणसं बरीच आली होती. सगळी गोड बोलत होती. जिद्द, प्रेरणा, लढवय्या. एकाने तर मोबाइलवर तुझा फोटो गुलाबाच्या चौकटीत बसवून सगळ्यांना पाठवला. मला तुझंच ऐकू येत होतं. एकदा कार्यालयात कुणीतरी तुला प्रेरणा म्हणालं, तेव्हा तू विचारलं होतंस, "प्रेरणा म्हणजे काय गं सुनंदा? हातवाल्यांनी थोट्या माणसाकडं बघून च्या पिताना काढलेला आवाज?" त्या लोकांना कुणी सांगितलं नाही की तू तीन कीबोर्ड फोडलेस, एका वेबसाइट कंपनीच्या मालकाचं काचेचं टेबल तडकवलंस आणि स्वतःच्या नवऱ्याचा पुढचा दात पाडलास. मी सांगते. गुलाबाच्या चौकटीत तू मावत नाहीस.

आधी तो गुरुवार. त्याच्याबद्दल आपण नऊ वर्षांत एकदाही नीट बोललो नाही.

तू माझ्यापासून वीस पावलांवर होतीस. चाकणच्या त्या प्रेस शॉपमध्ये, जिथे पत्रा दाबून सुटे भाग काढायचे, मी क्वालिटीत इन्स्पेक्टर, तू सहा नंबरच्या प्रेसवर. तेव्हा तुझी माझी ओळख म्हणजे काय, लातूरकडची, मोठ्याने हसणारी, डब्यात ठेचा आणणारी एक बाई, एवढीच. प्रेसला दोन बटणं असतात, दोन हातांसाठी. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा डाय, म्हणजे लोखंडी साचा, खाली येतो. म्हणजे डाय खाली येताना दोन्ही हात बटणांवर असतात आणि शाबूत राहतात. पण हात असे अडकले की तासाला नग कमी निघतात. म्हणून डावं बटण तारेने दाबून बांधून टाकायचं, म्हणजे एक हात मोकळा. सुपरवायझरपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांना हे माहीत होतं. त्या सकाळी आधीच्या पाळीने बांधलेली तार तशीच होती.

दहाच्या सुमाराला ब्रॅकेट डायमध्ये अडकलं. तू वाकून दोन्ही हातांनी ते ओढायला लागलीस आणि मोकळं राहिलेलं बटण तुझ्या पोटाखाली दाबलं गेलं. आवाज वेगळा आला. पत्र्यावर प्रेस पडते तो आवाज टणक असतो. हा ओला होता. मग तुझी किंकाळी येईल असं वाटलं, पण शिवी आली. सुपरवायझरच्या आईपासून सुरू झालीस. उजवा पंजा मनगटापासून गेला, डाव्या हाताची चार बोटं गेली, अंगठा तेवढा वाचला. फोरमनला डाय वर न्यायचं बटण सापडेना, आणि तू, त्यात अडकलेली, त्याला ओरडून सांगत होतीस, "हिरवं! हिरवं दाब, भाड्या!" मी माझ्या पांढऱ्या कोटाची बाही फाडून तुझ्या मनगटाला आवळली. ती बाही टेम्पोत बसेपर्यंत टपटपत होती.

एवढं तुलाही ठाऊक आहे. आता पुढचं.

प्रत्येक प्रेसला एक चेकशीट टांगलेलं असायचं. सोमवार ते शनिवार, सहा रकाने. इन्स्पेक्टरने रोज पाळी सुरू होताना मशीनसमोर उभं राहून बघायचं, जाळी आहे का, तेल आहे का, दोन्ही बटणं चालतात का, आणि त्या दिवसाच्या रकान्यात टिक मारायची. चौदा प्रेस होत्या. मी सोमवारी सकाळी एक फेरी मारायचे आणि आख्ख्या आठवड्याच्या खुणा एकदम करून टाकायचे. ऑडिटवाले कधीही यायचे, रकाना रिकामा दिसायला नको. माझ्या आधीची इन्स्पेक्टर तेच करायची, शेजारच्या कंपनीतही तेच चालायचं. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही.

चौकशीला सरकारी साहेब आले तेव्हा मॅनेजरने माझंच चेकशीट पुढे केलं. गुरुवार, प्रेस सहा, दोन्ही बटणं चालू, टिक, खाली माझी आद्याक्षरं. म्हणजे सकाळी सातला बटण मोकळं होतं. म्हणजे तार त्यानंतर बांधली. म्हणजे तू बांधलीस. मला विचारलं, "ही खूण तुमची?" मी म्हटलं, "हो." त्यांनी तेवढंच विचारलं, मी तेवढंच सांगितलं. माझी कायम होण्याची फाइल त्याच आठवड्यात वर गेली होती. अहवालात लिहिलं गेलं की ऑपरेटरने स्वतः सुरक्षा निकामी केली.

तू दवाखान्यात ओरडत होतीस, "म्या नाही बांधलं! तार आधीचीच व्हती!" कोण ऐकणार? कागदावर खूण होती. त्यानंतर चाळीत, नातेवाइकांत, तुझ्या माहेरी, सगळीकडे तू घाई करून स्वतःचे हात तोडून घेतलेली बाई झालीस. दत्ताभाऊही चिडले की म्हणायचे, "तार बांधताना अक्कल कुठं गेली होती?" त्यांचा दात पडला तो याच वाक्यावर. पल्लवी तेव्हा शाळेत होती. तिने जेवणाच्या ताटावर हे किती वेळा ऐकलं असेल, ते मी विचारलं नाही. विचारायला तोंड नव्हतं.

वर्षभरात ती कंपनी बंद पडली. मी टेस्टिंगचा कोर्स केला आणि चिंचवड स्टेशनजवळच्या एका छोट्या कार्यालयात लागले. वेबसाइट तपासायचं काम. त्यातूनच आमचा मदत कक्ष निघाला. ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, ज्यांचे हात चालत नाहीत, त्यांनाही वेबसाइट वापरता यावी म्हणून ती बनवणाऱ्याने काय करायचं, हे आम्ही फुकट सांगतो. मराठीत पत्रकं काढतो, फोनवर मदत करतो, आणि साइट तपासायला माणसं देतो. त्या माणसांसाठी मी पिंपळे गुरवला तुझ्या दारात आले.

तू ओळखलंस. "कोटाची बाही फाडलेली बाई ना तू?"

"हो."

"मग आता कामून आलीस? दुसरी बाही द्यायला?"

मी कामाचं सांगितलं. तू दोन्ही हात पुढे करून दाखवलेस. "ह्यानं काम?" मी म्हटलं, ह्यानेच. तू खूप वेळ माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, कामाचा विचार करतेयस.

पट्टा तू गावठाणातल्या चपला शिवणाऱ्याकडून करून घेतलास. सळई दत्ताभाऊंनी, दात पडलेल्या त्याच दत्ताभाऊंनी, त्यांच्या कंपनीच्या लेथवर घडवून आणली आणि टोकाला रबर चढवलं. त्या एका सळईने तू एकेक कळ दाबायचीस, ठोका मारल्यासारखी. पहिल्या महिन्यात दोन कीबोर्ड गेले. तिसरा तू मुद्दाम फोडलास, एका बँकेच्या साइटवर. तिथे अंध माणसाला वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर लावलं तर प्रत्येक ठिकाणी नुसतं "बटण, बटण, बटण" ऐकू यायचं. कुठलं बटण कशाचं, पत्ता नाही. तू म्हणालीस, "आंधळ्याला प्रेसवर उभं करायलेत हे." आणि सळई कीबोर्डच्या आरपार.

कंपनीच्या गेटवर मोबाइल जमा करून बिल्ला देतात, तशी तू आमच्या प्रशिक्षणाच्या खोलीच्या दारात पितळी डबा घेऊन बसायचीस. येईल त्या वेबसाइटवाल्याचा माउस जमा. बदल्यात नंबराचा बिल्ला. "शिफ्ट सुटल्यावर न्या. आत फक्त कीबोर्ड." लॅपटॉपच्या टचपॅडवर तू चिकटपट्टी लावायचीस, दाताने तोडून. पोरं आधी हसायची. दहा मिनिटांनी स्वतःच बनवलेल्या साइटवर वाट चुकायची. टॅबची कळ दाबत दाबत कुठे पोचलो ते दिसेना, की घाम फुटायचा. "घाबरू नगा," तू म्हणायचीस, "हात तुटत नाही ह्यात."

आणि पिंपळे सौदागरचा तो मालक, कडक इस्त्रीचा. त्याने तुझ्यासमोर मला विचारलं, "मॅडम, प्रॅक्टिकली बोला. असे किती लोक येणार आमच्या साइटवर?" तू उठलीस. उजवा थोटा त्याच्या काचेच्या टेबलावर आपटलास. "हा एक." मग डावा. "हा दुसरा. पुढं मोज." काच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत गेली. तो म्हणाला, माफी मागा. तू म्हणालीस, "बटणाला नाव लाव, मग मागते." त्याने आठवड्यात सगळ्या बटणांना नावं लावली. तू माफी मागितली नाहीस. मी तुला रिक्षात झापलं, की अशाने मदत कक्षाकडे कोण येईल? तू म्हणालीस, "ज्याला काच प्यारी हाय त्यानं येऊ नये."

आपलं खरं भांडण वेगळंच होतं, आणि ते मिटलं नाही. साइट तपासायची यंत्रं आहेत. पत्ता घातला की चुका काढतात, सगळं ठीक असलं की हिरवं दाखवतात. मला ती आवडायची. तुझा नियम असा की तू स्वतः पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जाऊन आल्याशिवाय कुठलाही अहवाल बाहेर जायचा नाही. मी म्हणायचे, "तू एका साइटला दोन दिवस लावतेस, रांग लागलीय."

"लावते. हात आणून दे, अर्ध्या तासात करते."

"यंत्राने हिरवं दाखवलंय, मंगल."

"प्रेसचा दिवा बी हिरवाच व्हता."

हे म्हणून तू माझ्या तोंडाकडे बघत राहायचीस. मी कागद चाळायला घ्यायचे.

मग ज्या रुग्णालयाने तुझे हात शिवले, त्यांचीच वेबसाइट तपासायला आली. तू तेव्हा तापाने घरी होतीस, थोटा सुजला होता, शिवणीखाली पू धरला होता. त्यांना उद्घाटनाची घाई. मी यंत्र फिरवलं, हिरवं आलं. भेटीची वेळ घ्यायचा फॉर्म कीबोर्डवर भरून बघितला, दोन मिनिटांत झाला. माझ्या दहा बोटांनी. तपासणीच्या कागदावर एक ओळ आहे, सावकाश भरणाऱ्याला फॉर्म पुरेसा वेळ देतो का, ही. ती तूच भांडून घातली होतीस. तिथे थांबून बघायला हवं होतं, म्हणजे चहा पिऊन परत येऊन बघायचं, एवढंच. मी खूण केली आणि अहवाल पाठवून दिला. तुझ्याशिवाय गेलेला तो पहिला अहवाल.

आठवड्याने, मंगळवारी संध्याकाळी तुझा फोन आला.

"सुनंदा, रुग्णालयाचं हे कोण पास केलंय?"

"मी. का?"

"चौथ्या पानावर गेलं की समदं पुसून टाकायलंय. नाव, पत्ता, कुठं दुखतंय, समदं. तीनदा भरलं."

"टायमर असेल, वेळ संपली की पुसतो. पुढच्या फेरीत बघते."

"पुढच्या फेरीपस्तोर माझा हात सडून पडंल."

"मग पल्लवीला सांग ना भरायला. दोन मिनिटांचं काम आहे."

तू म्हणालीस, "दोन मिनिटांचं. तुला."

"मंगल, प्रत्येक गोष्टीचं भांडण करू नकोस. मी पोळ्या करतेय."

"कर. तव्यावर हात ठेव, अन् मग मला सांग पल्लवीला सांग म्हणून."

फोन बंद. मला राग आला. मी पोळी उलटली. तुझ्याशी बोललेलं माझं शेवटचं वाक्य पोळ्यांचं आहे.

बुधवारी सकाळी तू कुणाला न सांगता निघालीस, रुग्णालयात जाऊन खिडकीवर नंबर लावायला. चाकणला जाणाऱ्या वडाप, म्हणजे शेअर रिक्षात बसलीस. नेहमी तू दोघींच्या मधे बसायचीस, कारण दांडा धरायला बोटं नाहीत. त्या दिवशी कडेची जागा मिळाली. चौकात रिक्षावाल्याने करकचून ब्रेक लावला. बाकीच्यांनी दांडा धरला. तू घसरलीस. बाजूने ट्रेलर वळत होता, त्याची मागची चाकं. शेजारी बसलेल्या बाईने तुझा पदर धरला होता. पदराचा तुकडा तिच्या हातात राहिला. ती बाई तेराव्याला आली होती, एका कोपऱ्यात बसून राहिली.

मला गोष्टी सरळ सांगायची सवय आहे, म्हणून सरळ सांगते. तुला त्या फॉर्मने मारलं असं मी म्हणणार नाही. ट्रेलरने मारलं. पण त्या बुधवारी त्या रिक्षात बसायचं तुला काही कारण नव्हतं. ते कारण माझ्या कागदावरच्या एका खुणेने तयार केलं.

तेराव्याला, पंगती उठल्यावर, पल्लवीने लॅपटॉप आणून दिला. "मावशी, हा ऑफिसचा आहे." घरी येऊन मी उघडला. तू मंगळवारी माझ्यावर फोन आपटून झोपली नव्हतीस. रुग्णालयाची साइट पुन्हा पहिल्यापासून तपासली होतीस, ताप अंगात असताना, रीतसर, आपल्या तक्त्यात. प्रत्येक ओळ भरलेली. वेळेच्या ओळीत लिहिलंयस, "नापास. चौथ्या पानावर बाहेर काढतं. मला चौदा मिनिटं लागतात." आणि शेऱ्याच्या रकान्यात, "सुनंदानं सोमवारची टिक मारली. परत."

मी ती ओळ किती वेळा वाचली ते मोजलं नाही. परत.

म्हणजे तुला माहीत होतं. अर्थात माहीत होतं. प्रेसवर उभ्या असलेल्या बाईच्या डोळ्यांसमोर मी सोमवारी शनिवारपर्यंतच्या खुणा करायचे, आणि मलाच वाटायचं की कुणी बघत नाही. गुरुवारची खूण तुला सोमवारपासून दिसत होती. कोणत्या खुणेने तुला खोटं पाडलं, ती कुणाच्या हाताची, हे तुला दवाखान्यातच कळलं असणार. तरी मी दारात आले तेव्हा तू मला आत घेतलंस. माझ्याशेजारी बसून जेवलीस. मी तुला भरवलंय, मंगल, पट्टा बांधायच्या आधीच्या दिवसांत, आणि तू माझ्या हातून घास घेतलास.

माफ केलं होतंस, असं म्हणून मी स्वतःला सोडवणार नाही. माफ केलं असतंस तर तो शब्द लिहिला नसतास. तू वाट बघत होतीस. दिव्याचं बोलून माझ्या तोंडाकडे बघायचीस ना, ती वाट होती. मी कागद चाळत बसले.

त्या संध्याकाळी मी कार्यालयात जाऊन तुझा पितळी डबा भिंतीवर फेकला. चेपला. मग हातोडी शोधून ठोकून सरळ केला, कारण तो लागतो.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, मी तुझ्या घरी गेले. दत्ताभाऊ पलंगावर, पल्लवी भांडी लावत होती. मी बसले नाही. उभ्याने सांगितलं. तार आधीच्या पाळीने बांधलेली होती, मंगलने बांधली नव्हती, आणि बटण मोकळं होतं असं सांगणारी खूण मी तीन दिवस आधी केली होती, मशीन न बघता.

दत्ताभाऊंनी उठून दाराच्या चौकटीवर कपाळ आपटलं. एकदा, दोनदा. "अडाणी म्हटलं मी तिला," म्हणाले, "पोरीसमोर. सणासुदीला. दर येळी." पल्लवीने त्यांना धरलं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, तुम्ही जावा. माझा हात उठंल."

"उठवा," मी म्हटलं.

त्यांनी नाही उठवला. पल्लवी आली. "म्हणजे आई खरं बोलत होती?"

"हो."

"आणि तुम्ही इतकी वर्षं आमच्याकडे दिवाळीचा फराळ आणायचात?"

"हो."

तिने दोन्ही हातांनी मला ढकललं. तुझी पोर आहे, जोर आहे. मी मांडणीवर जाऊन आपटले, पातेली अंगावर आली, भुवई फुटली. दोन टाके पडले. पल्लवीने मला उठवलं नाही. मी उठून पदर भुवईवर धरला तेव्हा ती म्हणाली, "तोंडी नको. लिहून द्या." अगदी तुझ्या आवाजात.

तिथेच बसून लिहिलं. कागदावर एक-दोन डाग पडले, ते तसेच राहू दिले. एक प्रत तिला दिली, एक त्या चौकशीच्या कार्यालयात पोच घेऊन दिली. तिथला कारकून म्हणाला, आता याचा काय उपयोग, कंपनी बंद, बाई गेली. मी म्हटलं, शिक्का मारा. तिसरी प्रत म्हणजे हा लेख. छापून आला की मला तो मागे घेता येणार नाही.

आणि आज रुग्णालयात गेले, त्यांची वेबसाइट सांभाळणाऱ्या साहेबांकडे. माणूस वाईट नाही, पन्नाशीचा, सभ्य. म्हणाले, "मॅडम, तुमचाच अहवाल आम्ही पहिल्या पानावर लावलाय."

"काढा. तो खोटा आहे."

"असं कसं? सगळं हिरवं होतं."

मी डबा त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांचा माउस उचलून आत टाकला आणि बिल्ला दिला, नंबर सहा. मग तुझा पट्टा त्यांच्या मनगटाला बांधला. बकल वाकलेलं आहे, नीट बसत नाही, मी दोरीने आवळला. सळईच्या जागी टोकाला रबर असलेली पेन्सिल. "भेटीची वेळ घ्या," मी म्हटलं. "सावकाश. दुसरा हात मांडीखाली."

ते हसले. पहिल्या पानावर नाव लिहिताना हसत होते. तिसऱ्या पानावर कपाळावर घाम. चौथ्या पानावर फॉर्म नाहीसा झाला आणि कोरं पहिलं पान समोर आलं.

"अरे!"

"पुन्हा."

दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा त्यांनी पेन्सिल कीबोर्डवर अशी हाणली की दोन कळा उडून खाली पडल्या. मग एकदम ओशाळले. "सॉरी."

"असू द्या. तिनेही मंगळवारी तीनदाच भरला. मग बुधवारी स्वतः यायला निघाली."

त्यांनी पट्ट्याकडे बघितलं. चामड्यावरची टायरची नक्षी त्यांना तेव्हा दिसली असावी. सोडा म्हणाले. मी सोडला. त्यांनी समोरच फोन लावून तो टायमर काढायला सांगितलं, मी बसून राहिले, तासाभरात निघाला. मग चहा पिऊन आले आणि परत बघितलं. भरलेलं सगळं जागेवर होतं.

टायमर निघायच्या आधी जे दिसलं, त्याचा नापासाचा अहवाल मी आधी लिहायला घेतला. ते साहेब खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाले, "मॅडम, एक सुचवू? तारीख मागची टाका, पहिल्या अहवालाच्या आधीची. म्हणजे तुम्हाला आधीच लक्षात आलं होतं असं दिसेल. तुमच्यावरही येणार नाही, आमच्यावरही नाही. रेकॉर्ड स्वच्छ."

भुवईचे टाके ठणकत होते. तू असतीस तर काय फोडलं असतंस, ते मला बसल्या जागी दिसलं.

मी उठून त्यांच्या संगणकासमोर, मशीनसमोर उभी राहिले. वेळेच्या ओळीत फुली मारली. खाली पूर्ण नाव लिहिलं, आद्याक्षरं नाही. आणि तारखेच्या रकान्यात आजची तारीख आणि वार. गुरुवार.